पाचपैकी अडीच तारे: आरटीईच्या २५ टक्क्यांत एक लेकरू आत, एक बाहेर

सेवा: आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के ऑनलाइन प्रवेश, महाराष्ट्र शासन. किंमत: फुकट. वापर: दोनदा, २०१९ साली थोरल्यासाठी आणि २०२४ साली धाकटीसाठी. निकाल: थोरला लागला, धाकटी नाही.

मी ब्लाऊज शिवते. पुण्याजवळ एमआयडीसीच्या पट्ट्यात दहा बाय बाराचा गाळा आहे, दोन शिलाई मशिनी आणि एक पिकोचं. हे एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. गाळ्याला लागूनच झेरॉक्सचं दुकान असल्याने अर्जाच्या दिवसांत तिथे उडणारी झुंबड मला पायाखाली मशीन चालू असतानाच दिसते. कडेवर पोर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. निम्म्या बाया पुढे माझ्याकडेच येतात, “ताई, तुमच्या मुलाचं झालं होतं ना, जरा बघता का?” असं विचारत. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसतो.

आधी वस्तू काय आहे ते. २००९ साली संसदेने शिक्षण हक्क कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा आसपासच्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. आठवीपर्यंत फी घ्यायची नाही, सरकार शाळेला पैसे देणार. शाळावाले कोर्टात गेले होते, पण १२ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा मात्र २०१४ च्या निकालाने यातून बाहेर पडल्या. त्यामुळे तुमच्या दारासमोरची शाळा यादीत दिसली नाही तर पोर्टल बिघडलंय असं समजू नका, तिचा दर्जा काय तो बघा.

हे सगळं मला एका वकीलबाईंनी सांगितलं. त्या माझ्याकडे ब्लाऊज टाकतात. ट्रायलला आल्या की अर्धा तास बसतात, मी टाचण्या लावते आणि त्या बोलतात. त्यांच्यामुळेच कळलं की १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता केली आणि ११ डिसेंबर १९९२ ला भारताने ती मान्य केली. मान्य करताना बालमजुरीच्या कलमाला सरकारने एक पुरवणी जोडली, की हे आम्ही टप्प्याटप्प्याने करू. मला हसू आलं. “पैसे हळूहळू देते हं ताई” म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्या वहीत तीन पानं आहेत.

शिक्षणाचं तर त्याहून जुनं. राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये लिहिलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करील. ती दहा वर्षं १९६० ला संपली. तो हक्क म्हणून घटनेत बसायला २००२ ची ८६ वी दुरुस्ती यावी लागली, आणि दुरुस्तीचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. माझं माहेर कागलकडचं, त्यामुळे हे ऐकल्यावर मला शाहू महाराजच आठवले. त्यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि जो बाप पोराला शाळेत घालणार नाही त्याला महिना एक रुपया दंड ठेवला. म्हणजे शाळेत का घातलं नाहीस असं दरबार विचारायचा. माझ्या वाट्याला उलटा प्रश्न आला, शाळेत घालायचंय तर पुरावा कुठाय?

कायद्याला माझे चार तारे. एक तारा चौदाव्या वर्षी हात सोडतो म्हणून कापला, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता कागद. बाकी सगळं घाईत वाचलंत तरी चालेल, हे मात्र नीट वाचा, कारण बहुतेक अर्ज इथेच मरतात.

यादी छोटी दिसते. जन्मदाखला, राहत्या जागेचा पुरावा, आणि जातीचा नाहीतर उत्पन्नाचा दाखला. आम्ही ओबीसी, वंचित गटात येतो, म्हणून उत्पन्नाची अट नाही. फक्त जातीचा दाखला हवा, मुलाचा किंवा वडिलांचा. ह्यांनी तो कधी काढलाच नव्हता. नववीत शाळा सुटली, कारखान्यात कुणी मागितला नाही. मग कळलं की ओबीसीच्या दाखल्याला घराण्यातल्या कुणाचा तरी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला कागद लागतो. आणि दाखला निघतो तो त्या तारखेला घराणं जिथे राहत होतं तिथून. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. आजेसासरे शाळेची पायरी चढलेच नाहीत. सासरे चढले होते, पण त्यांच्या नावाचं दाखल-खारीज रजिस्टरचं पान वाळवीने खाल्लेलं. हेडमास्तर बिचारे भले होते, दोन दिवस माळ्यावरची रजिस्टरं खाली काढून बघत होते. शेवटी सासऱ्यांच्या चुलतभावाची नोंद सापडली, १९६१ ची. मग वंशावळ लिहायची, चुलतभावाच्या मुलाने सही द्यायची, तो गेलेला ऊसतोडीला, तो येईपर्यंत थांबायचं, प्रतिज्ञापत्र, सेतू, प्रांतांची सही. एकूण चार फेऱ्या. एका फेरीला दोघांचं एसटीचं भाडं आणि दोन दिवस, तेही ऐन लग्नसराईत, जेव्हा माझ्याकडे ब्लाऊजचा ढीग पडलेला असतो. सहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं म्हणून आम्ही शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याच्या शाळेचा कागद शोधत हिंडत होतो. सासूबाई म्हणाल्या, “तो शिकला असता तर तुला ही शाळा लागली असती का?”

हे आमचं, ज्यांना गाव आहे आणि गावात चुलते आहेत त्यांचं. आमच्याच चाळीतल्या एकीला नवरा टाकून गेलाय. घटस्फोट नाही, केस नाही, माणूसच नाही. तिला टेबलावर विचारलं, वडिलांचा दाखला नाहीतर कोर्टाचा कागद. ती म्हणाली, साहेब, कोर्टात जायला पैसे असते तर तुमच्याकडे कशाला आले असते. अर्ज बाद झाला. पोरगं आता तिच्या आईकडे, गावी.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत वेगळी. मर्यादा वर्षाला एक लाख. महिन्याला भागा, ८,३३३ रुपये होतात. आमच्या भागात चार घरची धुणीभांडी करणारी बाई एकटी त्याहून जास्त कमावते, आणि दहा बाय दहाच्या खोलीच्या भाड्यातच तिचा निम्मा पगार जातो. खरा आकडा सांगणारी माणसं यादीबाहेर जातात, हे मी पाहिलंय. दाखला कसा ‘बसवायचा’ ते ज्यांना ठाऊक आहे त्यांचा बसतो.

भाडेकरूंनी आणखी एक लक्षात ठेवा. भाडेकरार नोंदणीकृत लागतो, निदान अकरा महिन्यांचा, आणि अर्ज सुरू होण्याच्या तारखेआधी झालेला. साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही. घरमालक नोंदणीला तयार होत नाहीत, त्यांना वाटतं भाडेकरू कागद घेऊन बसेल. म्हणून दिवाळी झाली की लगेच मालकाच्या मागे लागा, अर्ज सुरू झाल्यावर उपयोग नाही.

अर्ज भरायला मात्र मी नावं ठेवणार नाही. मराठीत आहे, मोबाईलवरही भरता येतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, मग नकाशावर आपल्या घरावर टाचणी लावायची. आमच्या वेळी एक किलोमीटरच्या आतल्या शाळा आधी दिसायच्या, मग तीनपर्यंतच्या. दहा शाळा निवडता येतात. टाचणी लावताना घाई करू नका. थोरल्याच्या वेळी झेरॉक्सवाल्या पोराने ती स्वतःच्या दुकानावर लावली होती. मी बघितलं म्हणून वाचलो. अंतर खोटं निघालं तर लागलेला प्रवेश रद्द होतो, आणि तेव्हा झेरॉक्सवाला कुठे नसतो. शिवाय नकाशा अंतर सरळ रेघेत मोजतो. मध्ये नाला आहे, हायवे आहे, रेल्वेलाईन आहे, हे त्याला दिसत नाही. नऊशे मीटरवरची शाळा पोराच्या पायांनी सव्वादोन किलोमीटर होती.

अर्ज पूर्ण फुकट आहे. तरी दुकानात दोनशे-तीनशे घेतात. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, त्याची वीज आणि त्याचा वेळ जातो. पण मदत केंद्रं असतात, यादी पोर्टलवर असते, आधी तिथे जाऊन बघा. पोर्टलला साडेतीन तारे.

सोडत राज्यभराची एकच निघते. २०१९ ला थोरल्याचा मेसेज आला तेव्हा मी काजबटणं करत होते. इंग्रजीत होता, मला वाटलं बँकेचा. हे रात्री आले तेव्हा वाचला. म्हणून मेसेजवर विसंबू नका, अर्जाचा नंबर टाकून पोर्टलवर स्वतः बघत जा. नशिबाला तारे देता येत नाहीत.

नंतर कागदपत्रांची पडताळणी. तिथे टेबलापलीकडच्या माणसाने थोरल्याचं आधारकार्ड आणि जन्मदाखला शेजारी ठेवले. एकावर वडिलांचं नाव ‘राव’ लावून होतं, दुसऱ्यावर नुसतं. म्हणाला, हे दोन वेगळे इसम आहेत. ह्यांनी हात जोडले. मला राग आला तो ह्यांनी हात जोडले याचाच. पोरगं माझ्या पदराला धरून उभं होतं, पूर्ण वेळात त्याच्याकडे कुणी एकदाही बघितलं नाही. कायद्यात हक्क त्याचा आहे. टेबलावर मात्र तपासणी आमची, आमच्या बापजाद्यांची, आमच्या घरमालकाची. वकीलबाई म्हणतात कायदा दिल्लीत होतो, नियम राज्य करतं आणि कागदांची यादी खाली ठरते. मी म्हटलं, म्हणजे तागा दिल्लीचा, कात्री मुंबईची, शिलाई तालुक्याची, आणि ज्याच्या अंगावर चढवायचंय त्याचं माप कुणीच घेतलेलं नाही. पडताळणीला एक तारा, तोही चार दिवसांनी आलेल्या मॅडमसाठी. त्यांनी दोन मिनिटांत हमीपत्र लिहून घेऊन काम मोकळं केलं.

तर थोरला शाळेत गेला.

‘फुकट’ या शब्दाचं आता सांगते. कायद्याचं कलम ३ म्हणतं की प्राथमिक शिक्षण पुरं करण्याच्या आड येईल असा कुठलाही खर्च किंवा शुल्क मुलावर पडता कामा नये. शाळेने पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी दिली. युनिफॉर्म अमुक दुकानातून, दोन जोड आणि एक खेळाचा, मिळून ३,८०० रुपये. मी चिठ्ठी घेऊन दुकानात गेले, कापड बोटांत धरून बघितलं. पॉलिस्टर जास्त, शिलाई एकेरी, आत मार्जिनच नाही. पोर वाढलं तर उसवून सोडायचं काय? मी बाजारातून तोच निळा घेतला, दोन्ही जोड घरी शिवले, दुहेरी शिलाई, कमरेत दोन इंच दाबून. खिशावरचं चिन्ह भरतकामवाल्याकडून करून घेतलं. सगळं मिळून हजाराच्या आत. मला अभिमान वाटत होता, खोटं का सांगू.

दुसऱ्या आठवड्यात वर्गाचा फोटो होता. थोरला घरी आला आणि म्हणाला, “आई, माझा निळा वेगळा आहे.” मागच्या रांगेत उभं केलं होतं. मी दोन्ही कापडं खिडकीत उजेडाला धरली. फरक होता, अर्ध्या छटेचा. ट्यूबलाइटखाली मला दिसला नव्हता. शिंप्याच्या घरातला मुलगा आणि रंग चुकला. पुढच्या महिन्यात दुकानातला जोड आणला.

हजेरीपटावर अशा मुलांच्या नंबरापुढे ‘आर’ असतो, हे मला दुसरीत कळलं. पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन होते, तेही तेव्हाच. सहलीची, गॅदरिंगच्या ड्रेसची, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ची पावती घरी येते. नाही म्हणायचा हक्क आहे, आणि मी दोनदा म्हटलंही. पण नाही म्हटल्यावर पोर त्या दिवशी वर्गात बसून राहतं, तो हक्क त्याला भोगावा लागतो. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली, घरात फोन एक, तो ह्यांच्यासोबत कारखान्यात. तिसरी कशी गेली ते मला आठवत नाही.

शाळेची बाजूही ऐका, मी धंदेवाली बाई आहे. थोरल्याच्या शाळेची फी ५८ हजार आहे. सरकार एका मुलामागे जास्तीत जास्त १७,६७० रुपये धरतं, कोरोनाच्या काळात तर ते ८,००० वर आणलं होतं. आणि तेही वेळेवर येत नाहीत. संस्थाचालकांच्या संघटना वर्षानुवर्षं थकबाकीसाठी भांडतायत, काहींनी प्रवेश देणार नाही असंही जाहीर केलं होतं. माझ्याकडे उधारीवर टाकलेला ब्लाऊज कधी शिवला जातो? सगळ्यात शेवटी. कापड तेच, मी तीच, पण हात आधी रोख पैशाच्या कपड्याकडे जातो. सरकारने माझ्या पोराला त्या शाळेचं उधारीचं गिऱ्हाईक करून ठेवलंय. शाळेवर माझा राग आहेच, पण तो सगळा शाळेवरच काढू नये एवढं मला कळतं.

आणि मिळालं ते मिळालं. थोरला आता सातवीत आहे. प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने लिटमस कागद बुडवतो. तिसऱ्या रांगेतला एक मित्र आहे, त्याच्या बापाची मोठी गाडी आहे, ती दोघं आमच्या गाळ्यात बसून माझ्या रिकाम्या रिळांचे किल्ले करायची. एक बाई आहेत, त्यांनी त्याच्या वहीत लिहिलं की तुझं निबंधातलं मराठी मला आवडतं. शाळेच्या शिकवण्याला चार तारे, वागण्याला दोन.

या अनुभवावर २०२४ ला मी धाकटीसाठी तयार होते. दाखला होता, करार होता, नावातला ‘राव’ दुरुस्त करून घेतला होता. पण ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियमच बदलला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही अशी जागा दाखवा मला. केरळ, कर्नाटकात असंच आधी झालं होतं म्हणे.

एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले. मी यादी उघडली तर त्यात सगळ्या महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा. मी दोनदा पान बंद करून उघडलं. कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या शाळेत जून उजाडला की बाई स्वतः वस्तीत फिरून पोरं गोळा करतात, खडूसकट सगळं फुकट. त्या शाळेत शिरायला मी ऑनलाइन अर्ज करायचा, १९६७ च्या आधीचा पुरावा लावायचा आणि सोडतीत नंबर लागायची वाट बघायची? दुकानातला झेरॉक्सवाला पोरगासुद्धा त्या वर्षी आमच्याकडून पैसे घ्यायला लाजत होता. राज्यभरात त्या यादीत पावणेनऊ लाखांहून जास्त जागा दाखवल्या होत्या आणि अर्ज आले सत्तर हजारांच्या आत. एरवी लाखभर जागांना दोन लाखांच्या वर अर्ज येतात. लोक अडाणी नाहीत.

वकीलबाई त्या दिवसांत रोज नवीन बातमी आणायच्या. काही पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. ६ मे ला कोर्टाने नव्या नियमाला स्थगिती दिली. मे महिन्यात जुन्या पद्धतीने अर्ज पुन्हा सुरू झाले, या वेळी दोन लाख चाळीस हजारांच्या वर आले, त्यातला एक माझा. ७ जूनला सोडत झाली, पण निकाल बाहेर नाही, कारण कोर्टाचा अंतिम निर्णय व्हायचा होता. १५ जूनला शाळा उघडल्या. धाकटी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची, आज तरी जायचं का म्हणून. मी काय सांगणार? न्यायालयात आहे म्हणून सांगू?

१९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय यांच्या खंडपीठाने तो नियम रद्द केला. वकीलबाईंनी सांगितलेला मुद्दा मला शिलाईसारखा स्पष्ट कळला. संसदेने केलेल्या कायद्याने जे मुलाला दिलंय, ते राज्याला नुसत्या नियमाने काढून घेता येत नाही. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. आम्ही जिंकलो, असं ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं.

२० जुलैला निकाल लागला. धाकटी प्रतीक्षा यादीत, एका शाळेत ४१ वी. यादी ३४ पर्यंत सरकली आणि थांबली. जिंकलेल्या केसमध्ये तिची जागा गेली कुठे, हे मी कुणाला विचारू? दीड महिना कुठल्याच पटावर नसलेली मुलगी, तिला मी जुलैअखेर कोपऱ्यावरच्या शाळेत नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या, “बरं झालं आणलंत, मी आधीच तिचं नाव लिहून ठेवलं होतं.” एकही कागद मागितला नाही. जन्मदाखला मीच पुढे केला तर म्हणाल्या, सावकाश द्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसले जरा.

त्या शाळेचाही रिव्ह्यू हवा तर घ्या. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्यातलं माप, पण धाकटीच्या बाईंकडे पहिली आणि दुसरी एकत्र आहेत, कारण दुसऱ्या शिक्षिका बदलून गेल्या आणि जागा भरली नाही. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली, बाई आठवडाभर तिकडे. कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या कामांना मुभा आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? मुलींच्या संडासाला कडी नव्हती. ती मी आणि हे जाऊन बसवून आलो. पण धाकटी दुसऱ्या सत्रात मराठी घडाघडा वाचायला लागली. खिचडी तिला आवडते, डबा नको म्हणते. आणि कुणाचाच निळा वेगळा नाही, कारण तिथे सगळ्यांनाच गणवेश मिळायला ऑगस्ट उजाडतो, तोवर ज्याचा जो रंग तो.

कधी कधी रात्री हेमिंग करताना वाटतं, थोरल्याच्या दाखल्यासाठी मी जेवढे दिवस फिरले तेवढे त्या रिकाम्या शिक्षिकेच्या जागेसाठी फिरले असते तर? मग वाटतं, मी एकटीनेच का. वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दोन्ही हवं. त्यांची मुलगी कुठे शिकते ते मी विचारलं नाही, गिऱ्हाईक आहे.

तर एकूण अडीच तारे. अर्ज जरूर करा. पुढच्या वर्षी ज्यांचं मूल सहा वर्षांचं होतंय त्यांनी आत्ताच रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवून घ्या, आधारवरचं नाव जन्मदाखल्याशी अक्षराअक्षराने जुळवा, आणि जातीचा दाखला नसेल तर आजच गावी फोन लावा. पडताळणीला जाताना मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. अर्जात दिलेला मोबाईल नंबर सोडतीपर्यंत बंद पडू देऊ नका. युनिफॉर्म घरी शिवणार असाल तर कापड दिवसाच्या उजेडात जुळवा.

थोरला २०२७ च्या जूनमध्ये नववीत जाईल. तिथे हा कायदा संपतो, पुढची फी आपली. परवा शाळेच्या ऑफिसात पावती घ्यायला गेले तर क्लार्कने रजिस्टर पुढे ओढलं, नववीचा आकडा पेन्सिलीने लिहून दाखवला, ७१ हजार, आणि विचारलं, “ठेवणार का काढणार?” शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल विचारत होता. मी म्हटलं अजून दीड वर्ष आहे की हो. तर म्हणाला, आम्हाला जागांचं आधी बघावं लागतं.